चंद्रभागेशी आपले नाते कोणते?



आमचे दुधनी गाव कर्नाटकाच्या शिवेवर. कानडी आणि मराठी येथे एकाच घरात नांदतात. मार्गशीर्षातील वेळअमावास्येला आम्ही सारे शेतात जातो. कडब्याची खोप, आत पाच पांडव, आंबिलीचे मडके, आणि नैवेद्य रानभर शिंपडायचा. आश्विनातली शिगी पुनव तर कानडी मुलखात भुईच्या डोहाळ्यांचीच. पीक पोटात आहे, म्हणजे भुई गर्भार. तिला गोडधोड खाऊ घालायचे.

मग पंढरीस गेल्यावर चंद्रभागेला आपण काय म्हणतो? आई. नाते थोरच. पण आम्हास अलीकडे वाटू लागले आहे की, ह्याच शब्दाने आपण सैल झालो. आई सारे पोटात घालते ना? मग घाला निर्माल्य, घाला जुनी लुगडी, घाला साबणाचे पाणी! गर्भार लेकीच्या अंगावर कोणी खरकटे टाकील काय?

दोष एकट्या वारकऱ्याचा नव्हे. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठाही मिळते, आणि त्यांच्यासंगे मोठ्या शहरांचे सांडपाणी येते. आळंदीस नदीवर तरंगणारा पांढरा फेस आपण पाहिलाच आहे. तरी वाळवंट आपणच घाण करीत होतो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

न्यायाच्या दारीही नदीला माणूस मानून पाहिले आहे. २०१७ च्या मार्चात न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती ठरविले. तेथील माओरी लोक तिला पूर्वज मानतात. तिच्या वतीने बोलण्यास दोन पालकही नेमले. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेस तसाच मान दिला, पण जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. राज्य सरकारची अडचण मौजेची होती: पुराने नुकसान झाले तर भरपाईचा दावा नदीवर लावायचा काय?

असो. नामदेवरायांना कुत्र्यात पांडुरंग दिसला, तेव्हा हात जोडून ते उभे राहिले नाहीत. तुपाची वाटी घेऊन मागे धावले.

गेल्या आषाढीस आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या आजीने द्रोणात दिवा लावला, चंद्रभागेला ओवाळला, आणि विझल्यावर द्रोण पिशवीत टाकला. आम्ही विचारले, "आजी, सोडला का नाही?" त्या म्हणाल्या, "अहो, दिवा तिला दावायचा होता. द्रोण घेऊन ती काय करणार?"