उभी राहिलेली जुनी गाडी घेताना: आधी इंजिन बघा, मग पैसे मोजा



पापड, मसाले, भाजीपाला बाजारात न्यायचा म्हटलं की टेम्पोच्या भाड्यातच नफा जातो. म्हणून "गटाने एक जुनी गाडी घेऊ या" हा विषय बैठकीत निघतो. मग कुणीतरी सांगतं, "अमक्यांच्या गोठ्यात ओमनी दोन वर्षं उभी आहे, स्वस्तात देतायत. किरकोळ काम आहे."

हा 'किरकोळ' शब्द नीट तपासायचा. बॅटरी उतरली तरी गाडी चालू होत नाही आणि इंजिन गेलं तरी चालू होत नाही. पण एकाचा खर्च काही हजारांत भागतो आणि दुसरा गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. पैसा गटाचा आहे, पन्नास-शंभर रुपयांनी साठवलेला. तेव्हा मेस्त्रीला न्याच, पण आपल्यालाही चार गोष्टी कळायला हव्यात.

पहिला धडा: चावी फिरवण्याआधी

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकांना सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." गार इंजिन खरं बोलतं. गेल्यावर इंजिन गरम लागलं तर समजा, आधीच धक्का मारून चालू करून ठेवली आहे.

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं. पदर खोचा, वेणी मागे घ्या. चालू इंजिनच्या पट्ट्यात पदर अडकायला क्षण पुरतो.

आता क्रमाने बघा.

१. उंदीर: जास्त दिवस उभ्या गाडीत उंदीर घर करतात. वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या-गवत आहे का, ते बघा.

२. ऑइल: गाडी सपाट जागी हवी. ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. नुसतं काळं असेल तर घाबरू नका, बदलता येतं. पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट गेल्याची ही मोठी खूण. अशी गाडी चालूसुद्धा करायला लावू नका.

३. पाणी: रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी गंजलेलं लाल असेल तर आतून सफाई लागेल. वर तेलाचा तवंग दिसला तर पुन्हा गॅस्केटचीच शंका.

४. बॅटरी: टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती साफ करायला सांगा. मेस्त्रीच्या मीटरवर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे.

५. पेट्रोल: जुनं पेट्रोल नासतं, आंबूस वास येतो. ते काढून ताजं भरायला सांगा.

दुसरा धडा: चावी फिरवल्यावर

गाडी उघड्यावर काढा. बंद गोठ्यात इंजिन चालवलं तर धुराने जीव जाऊ शकतो, त्या वायूला वासही नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा.

चावी अर्धी फिरवली की ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा मुद्दाम काढलाय. विझला नाही तर लगेच बंद करा.

नुसता 'टक-टक' आवाज आला तर बहुतेक बॅटरी किंवा तिची जोडणी. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला ठिणगी नाही. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरू नका, मध्ये थांबा.

तिसरा धडा: धूर काय सांगतो

एकीने सायलेन्सरमागे बाजूला उभं राहायचं.

- सकाळी थोडी पांढरी वाफ, लगेच थांबणारी: काळजी नाही.
- दाट पांढरा धूर, इंजिन तापलं तरी न थांबणारा: पाणी इंजिनात जातंय. खर्च मोठा.
- निळसर धूर: ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत.
- काळा धूर: पेट्रोल जास्त जळतंय. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो.

ओमनीला तीन सिलिंडर. एक काम करत नसेल तर गाडी थरथरते, चढावर दम टाकते. मेस्त्रीला तिन्ही प्लग काढून दाखवायला सांगा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. प्लग बदलूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. त्यावरून इंजिनची खरी ताकद कळते.

शेवटी वीस मिनिटं चालवून बघा. तापमानाचा काटा वर चढतोय का, परत आल्यावर खाली ऑइल-पाणी गळतंय का, बघा. आणि टायमिंग बेल्ट विचारायला विसरू नका. तो रबरी असतो, गाडी उभी राहिली तरी जुना होतो.

चौथा धडा: वहीत लिहा

दोन रकाने करा. डावीकडे लहान कामं: बॅटरी, प्लग, फिल्टर, ऑइल, बेल्ट. उजवीकडे मोठी: गॅस्केट, रिंगा, इंजिन खोलणं. मेस्त्रीकडून प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्या आणि तो गाडीच्या किमतीत मिळवा. मेस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

सोबत कागदही बघा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? विमा आणि पीयूसी आहे का? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, किती उरलीत? पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. गाडी कोणाच्या नावावर आणि दुरुस्तीचा खर्च कुठून, हे ठरावात लिहूनच पैसे द्या.

उजव्या रकान्यात एक जरी ओळ आली तर "बैठकीत विचारून सांगतो" म्हणा आणि घरी या. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं म्हणतील. येऊ द्या. गाडी दुसरीही मिळेल, साठवलेले पैसे पुन्हा जमवायला मात्र वर्षं लागतात.

या महिन्याचा सराव: गावातल्या कुणाच्याही चालू गाडीची ऑइलची पट्टी त्यांना विचारून काढून बघा. प्रत्येकीने एकदा हात काळे करा. चांगलं ऑइल कसं दिसतं हे माहीत असेल, तरच खराब ओळखता येईल.