बाण अडतो कशानें?

छपराखालीं धनुर्विद्येचा अभ्यास करावयाचा तर लक्ष्य कसलें असावें? टणक फळीचें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु फळीवर आदळलेला बाण मोडतो, किंवा उसळून सोडणाराकडेच परततो. बाण अडवावयाचा तो टणकपणानें नव्हे, घर्षणानें. एवढें तत्त्व उमगलें कीं महागड्या साहित्याची गरज उरत नाहीं.

आम्ही सुचवितों ती रीत अशी: जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांतील तारेच्या टांचण्या काढून, सुमारें १ फूट रुंदीच्या पट्ट्या एकावर एक रचाव्या, त्यांच्या कडा धनुर्धराकडे असाव्या. राशीच्या वर व खालीं जाड फळ्या ठेवून दोन्ही बाजूंच्या आटेदार सळयांवरील नट घट्ट आवळावे. बाण थरांमध्यें शिरतो व त्यांचा दाब त्यास धरून ठेवितो.

१८ मीटरांवरून ४० सेंटिमीटर व्यासाच्या कागदी चक्रावर नेम धरितात. त्यांतील पिवळा मध्यभाग अवघा ८ सेंटिमीटर रुंद. साहजिकच राशीचा मध्य आधीं झिजतो. तेव्हां मधल्या पट्ट्या टोकांस व टोकांच्या मध्यें न्याव्या आणि नट पुन्हां आवळावे.

पुठ्ठा पेट घेतो. जवळ विस्तव नसावा. सर्वांनीं धनुष्यें खालीं ठेवल्यावांचून कोणीं पुढें जाऊं नये. बाण उपटणाऱ्याच्या पाठीमागें उभें राहूं नये. पालकांनींही याकडे लक्ष द्यावें.

गरीब विद्यार्थ्यासही ही विद्या सुलभ व्हावी, अशी आमची इच्छा आहे. परंतु ज्याची निगा राखिली जात नाहीं, तें लक्ष्य फुकट मिळालें तरी महागच!