मिळकतीचे भाग शेकडेवारीनें कसे पाडावे

हातीं आलेल्या पैशाचे भाग आधीं ठरविलेले नसले, तर जो प्रथम मागतो त्यास तो जातो. आणि जें मागत नाहीं, म्हणजे मुलाची पुढल्या वर्षाची शाळा किंवा आषाढांतील रिकामी कणगी, त्याच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं. यास्तव मिळकतीचे भाग शेकडेवारीनें कसे पाडावे, व तसें करितांना फसगत कोठें होते, याचा विचार आज करूं.

भाग पाडण्याची रीत आपल्या लोकांस नवी नाहीं. १९५७ च्या एप्रिलमध्यें दशमान नाणें सुरू होईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आणि वडिलार्जित जमिनींत कोणाचा चार आणे, कोणाचा दोन आणे हिस्सा, असें लोक बोलत. चार आणे म्हणजे शेकडा पंचवीस, व एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा. पिकाची आणेवारी होती ती आतां पैसेवारी झाली, इतकेंच. ज्या घरीं दशमांश काढण्याची चाल आहे, तेथें तर शेकडा दहा काढण्याचा सराव आहेच.

गणित सोपें आहे. रकमेस शंभरांनीं भागावें, म्हणजे शेकडा एक किती तें निघतें. मग हव्या त्या अंकानें गुणावें. १०,५०० रुपयांचा शेकडा एक १०५ रुपये. शेकडा सहा ६३० रुपये. परंतु "शेकडा" हा शब्द कानीं पडतांच "कशाचा शेकडा?" असें विचारण्याची संवय लाविली पाहिजे. १०,००० रुपयांतून शेकडा दहा काढिले, व उरलेल्या ९,००० मधून पुन्हां शेकडा दहा काढिले, तर एकंदर वीस नव्हे, एकोणीस होतात. सावकार "शेकडा तीन" म्हणतो तेव्हां तो बहुधा महिन्याचा दर सांगत असतो. वर्षाचे ते छत्तीस होत. म्हणून सर्व भाग एकाच मूळ रकमेचे धरावे, आणि त्यांची बेरीज बरोबर शंभर भरते कीं नाहीं, हें पाहावें.

आतां कोणत्या खर्चास किती भाग द्यावा? एलिझाबेथ वॉरेन व त्यांची कन्या अमेलिया वॉरेन त्यागी यांनीं २००५ सालीं अमेरिकेंत छापलेल्या एका पुस्तकांत गरजेस पन्नास, हौसेस तीस व शिलकेस वीस अशी वांटणी सांगितली. ती आपल्याकडेही पुष्कळांच्या तोंडीं आहे. आमच्या मतें ती खेड्यांतील मजुराच्या घरास लागू पडत नाहीं. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालींच बेल्जियममधील मजुरांच्या घरखर्चाचे आंकडे तपासून असें दाखविलें कीं, कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा भाग मोठा. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणींत ग्रामीण घरांच्या खर्चाच्या दर शंभर रुपयांत अन्नाचे सुमारें ४७ रुपये आढळले, व शहरांत सुमारें ४०. निम्मा पैसा पोटासच लागतो, तेथें घर, औषध आणि शाळा यांनीं कोठें जावें?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. शेतमजुराची मिळकत दर महिन्यास सारखी नसते, पण भूक सारखीच असते. एक कुटुंब घेऊं. नवराबायको दोघें मजुरीस जातात. सुगीच्या पांच महिन्यांत दरमहा १४,००० व उरलेल्या सात महिन्यांत ८,००० रुपये मिळतात. आणि अन्नास, सरपण-तेलासुद्धां, ६,३०० रुपये लागतात. सुगींत हा खर्च शेकडा ४५ होतो, व एरव्हीं जवळजवळ ७९! जो मनुष्य दर महिन्याच्या मिळकतीवरून निराळे भाग पाडील, त्यास सुगींत आपण श्रीमंत असें वाटेल व पावसाळ्यांत उसनवारी करावी लागेल.

तेव्हां प्रथम वर्षाची मिळकत मांडावी. सुगीचे ७०,००० व इतर महिन्यांचे ५६,००० मिळून १,२६,०००. बारांनीं भागितल्यास महिन्यास १०,५००. हीच मूळ रक्कम. तिच्यांत अन्नाचा भाग शेकडा ६०. उरलेल्या चाळीसांत बचत गटाच्या कर्जाचा हप्ता १२, शाळा १०, औषधपाणी ६, कपडालत्ता, सण व प्रवास ७, आणि शिल्लक ५. म्हणजे अनुक्रमें १,२६०, १,०५०, ६३०, ७३५ व ५२५ रुपये. सुगींत दरमहा ३,५०० रुपये जास्त येतात, ते पोस्टांत किंवा बँकेंत वेगळ्या खात्यांत ठेवावे. पांच महिन्यांत त्यांचे १७,५०० होतात. आणि पुढील सात महिने दरमहा २,५०० कमी पडतात, तेही १७,५००च. हीं दोन्ही टोंकें जुळलीं म्हणजे वर्ष निभावतें.

तो सुगीचा पैसा लग्नकार्यांत उडाला, आणि सात महिन्यांची तूट महिना शेकडा तीन व्याजानें काढिली, तर शेवटीं १७,५०० रुपयांवर दरमहा ५२५ रुपये व्याज पडतें. शिलकेचा शेकडा पांच भाग होता, तो नेमका तेवढाच!

आणखी एक भाग कागदावर क्वचितच लिहिला जातो. पुरुषाचा चहा, तंबाखू व पान यांस रोज तीस रुपये धरले तरी महिन्याचे ९०० होतात, म्हणजे वरील कुटुंबांत शेकडा साडेआठांहून अधिक. घरच्या सर्वांच्या औषधापेक्षां जास्त! खर्च बायकोनें सांभाळावा आणि हा भाग तिला न दाखवितां आधींच बाजूस काढावा, हें आम्हांस न्यायाचें दिसत नाहीं. दोघांनीं एकत्र बसून तोही लिहावा, आणि तो कोणत्या भागांतून घेतला, शाळेंतून कीं औषधांतून, तें त्याच्या समोर मांडावें.

भाग पाडतांना अपुरे रुपये-पैसे आले तर पूर्ण दहांत धरावे, व जें कमीजास्त होईल तें शिलकेंत घालावें. मूल वरच्या वर्गांत गेलें, हप्ता फिटला किंवा मजुरीचा दर बदलला, कीं कागद पुन्हां नव्यानें मांडावा.