परलोक न मानणाऱ्याची भक्ती

गेल्या महिन्यात गीतेच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "डॉक्टर, मेल्यावर पुढे काही आहे हे मला पटत नाही. मग मी रोज पांडुरंगापुढे हात जोडतो, ते ढोंगच ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऐंशीच्या घरात, जोडीदार गेल्यावर, तो माणसाला रात्री झोपू देत नाही.

देव मानला की परलोक मानणं ओघानेच आलं, असं आपण धरून चालतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वमीमांसेचे आचार्य यज्ञाने स्वर्ग मिळतो असं मानत. जग निर्माण करणारा ईश्वर मात्र त्यांना मान्य नव्हता. उलट, दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेमात सदूकी नावाचा ज्यू पंथ होता. मंदिरातले बरेच प्रमुख पुरोहित याच पंथाचे. त्यांची देवावर निष्ठा होती, पण मृत्यूनंतर आत्मा उरतो हे ते नाकारत. गंमत अशी की, 'काशिका' या जुन्या व्याकरणग्रंथात परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक, असा अर्थ दिला आहे. त्या हिशेबाने आपले सभासद नास्तिक आणि ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिक!

आता गीता पाहू. दुसऱ्या अध्यायात भगवंत आत्मा अविनाशी आहे हे सांगतात, आणि लगेच २६ व्या श्लोकात म्हणतात की, तो सतत जन्मतो आणि सतत मरतो असं तू मानत असलास, तरीही तुला शोक करण्याचं कारण नाही. पुनर्जन्म हा गीतेचा सिद्धान्तच आहे, त्यात शंका नको. पण तो पटला नाही म्हणून अर्जुनाला रथातून खाली उतरवलेलं नाही. कठोपनिषदात नचिकेत हीच शंका थेट यमाला विचारतो, आणि यम त्याला सांगतो की पूर्वी देवांनाही इथे संशय पडला होता.

ज्ञानेश्वर माउली तर नवव्या अध्यायावर लिहिताना स्वर्गाच्या आशेने केलेल्या पुण्यालाही पापाच्याच रांगेत बसवतात. त्याने स्वर्ग मिळेल, देव मिळणार नाही. मग ज्याला पुढचं काहीच नको आहे, त्याची भक्ती खोटी कशी म्हणावी?

एक अडचण मात्र राहते, ती झाकू नये. निरपराध लेकरू दुखण्याने जातं तेव्हा देवाचा न्याय कुठे, याला कर्मसिद्धान्त काही उत्तर देतो. परलोक न मानणाऱ्या भक्ताला तो प्रश्न तसाच उराशी धरून हात जोडावे लागतात. मला ते सोपं वाटत नाही.

वैद्यकशास्त्र यात निवाडा देत नाही. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या तपासून आम्ही मृत्यूची वेळ लिहितो, तिथे आमचं काम संपतं. इतकी वर्षं रुग्णांच्या उशाशी बसून पाहिलं ते एवढंच: बहुतेकांना परलोकापेक्षा वेदनेची, परावलंबी होण्याची आणि मागे राहणाऱ्या माणसाची काळजी जास्त असते.

म्हणून आपल्या रुग्णभेट गटाला विनंती आहे. आजारी सभासदांकडे जाल तेव्हा पुढच्या जन्माचा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला तर ऐकून घ्या. कोणता अभंग ऐकायचा आहे ते विचारा, आणि घरी दूध, औषधं आहेत का ते पाहा. गटाला मराठी बोलणारे आणि गाडी चालवणारे स्वयंसेवक हवे आहेत. इच्छुकांनी रविवारच्या आरतीनंतर कार्यालयात नाव द्यावं.