बेसबॉलच्या मैदानावरील ‘आपण’ आणि ‘तो’

खेळ पाहणारा माणूस गप्प बसत नाही. नाटक पाहताना तो गप्प बसतो, गाणे ऐकताना ‘वाहवा’पुरते तोंड उघडतो, पण खेळाच्या मैदानावर त्याला बोलण्याची मुभाच असते, आणि ती तो पुरेपूर घेतो. हे बोलणे सामना संपताच हवेत विरून जाते. त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि म्हणूनच भाषेच्या किंवा मानसशास्त्राच्या अभ्यासकाचेही त्याकडे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रेक्षकांच्या अशा बोलण्याचा थोडा विचार करायचा आहे. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही हे खरे. परंतु क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला तो समजायला जड नाही.

दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ-नऊ डाव. आपल्या गल्ली क्रिकेटमधल्या ‘तीन बाद, डाव खलास’ या नियमासारखाच तिथला नियम आहे : तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. चेंडू फेकणारा तो पिचर. त्याचा चेंडू फलंदाजाने फटकवायचा आणि तीन बेस ओलांडून पुन्हा घरच्या बेसवर यायचे, की एक धाव झाली. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे कळेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या खेळात प्रत्यक्ष खेळ थोडा आणि थांबणे फार. चेंडू फेकला जातो, पिचर टोपी सावरतो, खुणा पाहतो, मान हलवतो, पुन्हा पाहतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाला ओरडायला वेळ असतो, गप्पा मारायला नसतो. बेसबॉलच्या प्रेक्षकाला शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न कुठे ठरले हेही विचारता येते. २०२२ साली नऊ डावांच्या सामन्याला सरासरी तीन तास चार मिनिटे लागत. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावले गेले. बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे. त्या एका नियमाने सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खेळाला वेग आला म्हणून पुष्कळांना आनंद झाला. मला मात्र वाटते की ती वाचलेली चोवीस मिनिटे बहुतांशी गप्पांचीच असावीत!

या गप्पांत असते तरी काय? प्रथम म्हणजे खेळाडूशी थेट बोलणे. तो दोनशे फुटांवर आहे, त्याला काही ऐकू येणार नाही, हे ठाऊक असूनही त्याला पहिल्या नावाने हाक मारून सल्ला द्यायचा. आपल्याकडे ‘अरे, सोडून दे ना तो चेंडू!’ असे रेडिओला सांगणारे आजोबा होते, त्याच जातीचे हे बोलणे. दुसरे, मॅनेजरला शहाणपण शिकवणे. पिचर थकला, त्याला आता बदला. नव्हे, अजून एक डाव राहू द्या. मॅनेजरने काहीही केले तरी त्याचे चुकलेच, कारण प्रेक्षकाचे मत चेंडू पडल्यानंतर तयार होते. तिसरे, आठवण. चालू सामन्यातला एखादा झेल पाहून कोणीतरी तीस वर्षांपूर्वीचा झेल काढतो, त्यावर दुसरा आपल्या वडिलांनी सांगितलेला काढतो, आणि बघता बघता एका कुटुंबाचा इतिहास त्या बाकावर मांडला जातो.

आणि चौथी गोष्ट म्हणजे न बोलणे. एखाद्या पिचरने सहा-सात डावांपर्यंत प्रतिपक्षाला एकही ‘हिट’ मिळू दिली नसेल, तर त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही असा संकेत आहे. संघातले खेळाडू तो पाळतात आणि जुने प्रेक्षकही पाळतात. सगळ्यांना दिसते आहे, सगळे फलकाकडे पाहताहेत, पण तो शब्द कोणी काढत नाही. एखाद्या नवख्याने काढलाच, तर आजूबाजूचे दहा जण त्याच्याकडे वळून पाहतात. आपण नारळ ‘फोडला’ न म्हणता ‘वाढवला’ म्हणतो, दुकान ‘बंद केले’ न म्हणता ‘वाढवले’ म्हणतो. शब्दाने अशुभ ओढवते ही समजूत इकडची तिकडची एकच.

गप्पांच्या जोडीला अनेकांच्या मांडीवर एक कागद असतो. त्याला स्कोअरकार्ड म्हणतात आणि ते पेन्सिलीने स्वतः भरायचे असते. ही नोंदीची पद्धत रुळवण्यात हेन्री चॅडविक या वार्ताहराचा मोठा वाटा आहे. हे गृहस्थ मूळचे इंग्लंडचे. १८२४ साली एक्झिटर येथे त्यांचा जन्म झाला, आणि अमेरिकेत त्यांनी आरंभी क्रिकेटच्याच बातम्या लिहिल्या. या कागदावर मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा आहे : पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, याप्रमाणे नऊपर्यंत. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर ‘के’. क्षेत्ररक्षकाच्या हातून चूक झाली तर ‘ई’ आणि पुढे त्याच्या जागेचा आकडा. या कागदाला कोणाचा राग येत नाही. चूक झाली एवढेच तो लिहितो आणि पुढच्या चौकोनात जातो. तोंडाने चाललेली चर्चा मात्र इतकी निर्विकार नसते, आणि आपला खरा विषय इथून सुरू होतो.

प्रेक्षकाच्या बोलण्यातला सर्वांत नवलाचा शब्द म्हणजे ‘आपण’. मैदानावर न उतरलेला, तिकीट काढून आलेला माणूस ‘काल आपण जिंकलो’ असे म्हणतो आणि कोणाला हसू येत नाही. इंग्रजीत यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्यांच्यातला भेद फार उपयोगी आहे. ज्याच्याशी बोलतो त्यालाही आत घेणारे ते ‘आपण’. त्याला बाहेर ठेवणारे ते ‘आम्ही’. शेजारच्या सहप्रेक्षकाला आपण म्हणू, ‘आज आपण जिंकणार’. पलीकडे बसलेल्या विरुद्ध संघाच्या माणसाला म्हणू, ‘आज आम्ही जिंकणार’. अमेरिकन प्रेक्षक दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरतो, पण अर्थ हेच दोन असतात.

या ‘आपण’चा प्रयोगाने अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट सिआल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तो प्रसिद्ध केला. खेळ बेसबॉल नव्हता, अमेरिकन फुटबॉल होता, विषय तोच. निरनिराळ्या विद्यापीठांत त्यांनी पाहिले की आपला संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. मग विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून विद्यापीठाच्या संघाचे सामने कसे झाले ते सांगायला लावले. जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना ‘आपण’ अधिक आले, हरलेल्याविषयी कमी. अधिक मार्मिक भाग पुढे आहे. या प्रश्नाआधी त्यांची एक छोटी चाचणी घेतली होती आणि तीत काहींना ‘तुमची उत्तरे वाईट आली’ असे मुद्दाम सांगितले होते. ज्यांना असे सांगितले त्यांच्यात हा फरक अधिक ठळक दिसला. स्वतःची पत घसरली की माणूस दुसऱ्याच्या विजयाला अधिक घट्ट धरतो, असा याचा अर्थ लावला गेला.

एवढ्यावर थांबलो तर प्रेक्षक म्हणजे विजयाचा भागीदार आणि पराजयात परका, असे चित्र उभे राहील. ते अर्धेच खरे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स संघ १९४१ ते १९५३ या काळात पाच वेळा अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये गेला आणि पाचही वेळा त्याच शहरातल्या यांकीज संघाकडून हरला. प्रेक्षकांनी संघाला लाडाने ‘भिकारडे’ अशा अर्थाचे नाव दिले आणि ‘थांबा, पुढच्या वर्षी बघा’ हे त्यांचे पालुपद झाले; पण ते उठून गेले नाहीत. १९५५ मध्ये संघ अखेर जिंकला. आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकाने तो उचलून लॉस एंजेलिसला नेला. ‘आपण’ म्हणणाऱ्यांना कोणी विचारले नाही. प्रेक्षकाच्या ‘आपण’ला कायद्याचा आधार नसतो हे ब्रुकलिनला असे कळले.

बोस्टनच्या रेड सॉक्सची कथा याहून लांब. १९१८ साली हा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. पुढे बेब रूथ हा त्यांचा असामान्य खेळाडू यांकीजना विकला गेला. ही विक्री जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली. त्यानंतर १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि चारही वेळा सातव्या सामन्यात हरला. या सगळ्या काळात बोस्टनचे लोक ‘आपण हरलो’ असेच म्हणत राहिले. सिआल्डिनींचा सिद्धांत इथे अपुरा पडतो. मात्र या ‘आपण’ला एक फट होती, आणि ती १९८६ मध्ये दिसली.

२५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर मेट्स संघाशी सहावा सामना. मालिकेत रेड सॉक्स तीन-दोनने पुढे. दहाव्या, म्हणजे जादा डावात रेड सॉक्सच्या पाच धावा, मेट्सच्या तीन. मेट्सचे दोन गडी बाद, बेसवर कोणी नाही. अडुसष्ट वर्षांची प्रतीक्षा संपायला एक गडी हवा होता. पुढे तर एक स्ट्राइक हवा होता. तेवढ्यात ओळीने तीन फलंदाजांना हिट मिळाल्या आणि धावा पाच-चार झाल्या. पिचर बदलला. नव्या पिचरचा एक चेंडू भलतीकडेच गेला आणि बरोबरी झाली. मग मुकी विल्सनने एक साधा, सरपटता फटका मारला. पहिल्या बेसवर बिल बकनर उभा होता. चेंडू त्याच्या पायांमधून मागे उजव्या मैदानात गेला आणि मेट्सने सामना जिंकला. दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे विन स्कली हे पुष्कळ बोलून पोट भरणाऱ्या व्यवसायातले. पण त्यांनी विजयाचे एक वाक्य उच्चारले आणि नंतर बराच वेळ काहीच न बोलता गर्दीचा आवाज ऐकू दिला.

लोकांच्या कागदावर त्या चौकोनात ‘ई-३’ असे लिहिले गेले. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘आपण हरलो’ याचे ‘त्याने हरवले’ असे झाले. कर्त्याचा पुरुष बदलला. वास्तविक बकनरच्या चुकीआधीच बरोबरी झालेली होती. तीन हिट त्याने दिल्या नव्हत्या, भलतीकडे गेलेला चेंडू त्याने टाकला नव्हता. त्याचे घोटे अधू होते आणि त्या मोसमात शेवटी-शेवटी त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करण्याचा प्रघात होता. त्या रात्री मॅनेजरने तसे केले नाही. शिवाय सातवा सामना बाकीच होता, आणि त्यातही रेड सॉक्स तीन-शून्य पुढे असून आठ-पाच असे हरले. सबंध संघाने दोन रात्रींत जे गमावले ते दोन पायांच्या मधल्या जागेत गोळा करण्यात आले. बावीस मोसमांत २,७१५ हिट मिळवणाऱ्या माणसाची ओळख एका सरपटत्या चेंडूवर येऊन थांबली.

असे का व्हावे? क्रिकेटमध्येही एखादा सुटलेला झेल वर्षानुवर्षे बोलला जातो, तेव्हा बोस्टनला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मला वाटते, पराभव मोठा असतो तेव्हा ‘आपण’ टिकवण्यासाठीच कोणाला तरी ‘तो’ करावे लागते. एकाला बाहेर काढले की उरलेल्यांना एकत्र बसता येते. बहिष्काराचे व्याकरणही याहून वेगळे नसते.

पण हा दोष बाकावरच्या गप्पांचा, असे म्हणून मला हा लेख मिटवता येत नाही. चालू सामन्यातले बोलणे फार क्षमाशील असते. तिसऱ्या डावात ज्याला ‘घरी जा’ म्हणून ओरडले, त्यालाच सातव्या डावात उभे राहून टाळ्या दिल्या जातात. मोसमात १६२ सामने, जवळजवळ रोज एक. राग धरायला सवडच नसते. १९८७ च्या मध्याला रेड सॉक्सने बकनरला सोडले, आणि १९९० मध्ये तो पुन्हा त्याच संघात आला तेव्हा मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला फेनवे पार्कच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. हे आपण सहसा ऐकत नाही. ऐकतो ते वारंवार दाखवलेले चलच्चित्र, ज्यात तो चेंडू दर वेळी पायांमधूनच जातो. बोलणे विरते, चित्र विरत नाही. स्वतः बकनरने पुढे सांगितले की मनातून क्षमा करावी लागली ती बोस्टनच्या प्रेक्षकांना म्हणण्यापेक्षा वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांना.

मधल्या काळात तो दूर आयडाहो राज्यात राहायला गेला होता. २००४ मध्ये यांकीजविरुद्ध शून्य-तीन मागे पडूनही रेड सॉक्सने ओळीने चार सामने जिंकले, आणि २७ ऑक्टोबरला सेंट लुईस येथे शहाऐंशी वर्षांनी वर्ल्ड सिरीज घेतली. त्या दिवसांत बोस्टनकडच्या अनेकांनी दफनभूमीत जाऊन वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि झेंडे ठेवले. ‘आपण जिंकलो’ हे सांगायचे राहिलेले लोक तिथे होते.

२००७ मध्ये संघ पुन्हा जिंकला. ८ एप्रिल २००८ रोजी फेनवे पार्कवर नव्या मोसमातील घरच्या पहिल्या सामन्याआधी मानाचा चेंडू टाकायला बकनरला बोलावले. तो डाव्या मैदानाकडून एकटा चालत आला. प्रेक्षक उभे राहिले आणि बराच वेळ उभेच होते. त्याने डोळे पुसले. २०१९ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तो वारला. त्या दिवशी त्याने चेंडू टाकला तो ड्वाइट इव्हान्सकडे. १९८६ च्या त्या रात्री उजव्या मैदानात, चेंडू सरपटत गेला त्या बाजूला, हाच इव्हान्स उभा होता.