फळांची साल आणि रंगाचे पाणी

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी झाक असलेली भटकी कुत्री आढळली आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करविला. कुत्र्यांचा रंग उतरला, बातमीही विरली. परंतु त्या वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी पुढे खाडीला मिळते, आणि त्याच पनवेल खाडीच्या काठी आपल्या दिवाळे गावाची जेट्टी व कोळीवाडा आहे. पाण्यातील रंगाशी आपला संबंध आहे तो असा.

इतिहासाच्या शिक्षकाने रसायनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. तथापि कृत्रिम रंगांचा जन्म हीच एक ऐतिहासिक घटना आहे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरील क्विनाइन बनवू पाहत होता. हाती लागला जांभळा रंग. त्यापुढे वनस्पतिजन्य रंगांची जागा कारखान्यातील रंगांनी घेतली. ऊन आणि साबण यांना दाद देऊ नये अशीच या रंगांची घडण असते. म्हणूनच नदीत गेल्यावरही ते सहजी विघटित होत नाहीत. ते सूर्यप्रकाश अडवितात, पाणवनस्पतींचे अन्न तयार होणे मंदावते, प्राणवायू घटतो आणि त्याची झळ मासळीला बसते.

यावर फळांची साल कशी उपयोगी पडते? संत्रे, मोसंबी, केळे यांच्या सालीत सेल्युलोज आणि पेक्टिन असते. त्यांतील आम्लगट पाण्यात ऋणभारित होतात. मिथिलिन ब्लूसारख्या रंगाचे रेणू धनभारित असल्याने सालीच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. काँगो रेडसारखे ऋणभारित रंग मात्र साध्या सालीला फारसे जुमानत नाहीत; त्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते किंवा सालीवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. एकच साल सर्व रंगांवर चालते, हा समज म्हणूनच टाकून द्यावा. तरीही सक्रिय कोळसा महाग आहे आणि ज्यूस सेंटरबाहेर सालींचे ढीग फुकट पडलेले असतात, हे विसरून चालणार नाही.

शाळेत हे सहज पडताळता येते. साली धुऊन, कडक उन्हात वाळवून भरड कुटाव्यात. कुटलेली साल पुन्हा पुन्हा धुवावी, अन्यथा तिचाच पिवळसर रंग पाण्यात उतरतो. तीन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकात मिथिलिन ब्लूचे दोन थेंब टाकावेत. पहिला तसाच ठेवावा, दुसऱ्यात चमचाभर साल घालावी, तिसऱ्यात साल आणि दोन चमचे मीठ. अधूनमधून ढवळत तासाभराने गाळून तिन्ही पाणी शेजारी ठेवावे. दुसरा पेला सर्वांत फिका दिसेल.

तिसरा पेला आपल्या खाडीचा आहे. मिठातील सोडियमचे धनभारित आयन सालीवरील जागा अडवितात आणि रंग बराचसा पाण्यातच राहतो. खाडीत साली टाकून काही साधणार नाही. उलट त्या कुजून उरलासुरला प्राणवायूही संपवतील. रंग अडवायचा तो कारखान्याच्या आवारातच, सांडपाणी बाहेर पडण्यापूर्वी. तेथेही पाण्यातून निघालेला रंग नाहीसा होत नाही, तो सालीवर जाऊन बसतो. ती रंगलेली साल कोठे टाकली, याचा हिशेब कारखान्याकडे मागावा लागेल, आणि तो मागण्याइतके रसायन आपल्या मुलांना यावयास हवे.