पंक्चर काढण्याआधी काटा शोधा



आमच्या पाड्यावरील आठवीतल्या एका मुलीची सायकल आठवड्यात तीनदा पंक्चर झाली. शाळा पाच किलोमीटरवर. चौथ्या दिवशी ती घरीच बसली. तिन्ही वेळा पॅच मीच लावला होता, म्हणजे चूकही माझीच.

ट्यूब मी पाण्यात बुडवून नीट तपासली होती. टायरच्या आत मात्र पाहिलेच नव्हते. बाभळीच्या काट्याचे टोक तिथे मोडून राहिले होते. बाहेरून ते दिसत नाही, पण चाक फिरले की ट्यूबला पुन्हा टोचते. म्हणून टायर काढण्याआधी व्हॉल्व्हजवळ त्यावर खडूने खूण करा. ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून जितके दूर, तितक्या अंतरावर खुणेच्या दोन्ही बाजूंना शोधा. आतून कापूस फिरवा. तो अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, माझे रक्त निघाले आहे.

मग भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ते सुकू द्या. ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो. मुलांना नेमका इथेच धीर नसतो.

भोक सापडत नाही, तरी हवा जाते? व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर आतल्या पिनेवरची रबरी वालट्यूब बदला.

तो काटा शेवटी त्या मुलीनेच चिमट्याने ओढून काढला. सोमवारी ती शाळेत गेली. दप्तरात आता कापसाची पुडी असते.